सी८ वरचा उंट

११ मे २०१० रोजी बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे विश्वनाथन आनंद आणि वेसेलिन टोपालोव्ह बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा बारावा डाव खेळायला बसले. हा नियमित डावांतला शेवटचा डाव होता. अकरा डावांनंतर दोघांचेही साडेपाच गुण झाले होते, म्हणजे जो जिंकेल तो जगज्जेता. पांढरी मोहरी टोपालोव्हकडे होती आणि खेळ त्याच्याच देशात चालला होता. आनंदच्या वाट्याला काळी मोहरी आली होती. या पातळीवर काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा आधी बचावाचा विचार करतो, आणि त्या दिवशी आनंदनेही तसाच विचार केला. त्याने शंभर वर्षांहून जुना, चोख आणि सावध समजला जाणारा बचाव निवडला. ५६ चालींनंतर टोपालोव्हने डाव सोडला.

हा डाव जगभर खेळून पाहिला जातो तो शेवटच्या हल्ल्यासाठी. पांढऱ्याचा राजा उघड्यावर ओढला जातो आणि काळा वजीर त्याला सुटू देत नाही, हे दृश्य थरारक आहेच. पण या डावाचे खरे मर्म पहिल्या काही चालींतच दडले आहे. सुरुवातीला काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो, आणि शेवटी तोच उंट डाव जिंकून देतो. त्या उंटाचा प्रवास समजला, तर वजिरापुढच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या अभिजात डावांचे गणितही उलगडते.

पहिल्या दोन चाली

पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच अशी अक्षरे आणि आडव्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे असतात. पांढऱ्याचा वजीर डी१ वर, राजा ई१ वर. डाव सुरू करायच्या दोन मुख्य रीती आहेत. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे, म्हणजे ई४ वर न्यायचे. किंवा वजिरापुढचे प्यादे डी४ वर न्यायचे. दोन्हींचा हेतू एकच: पटाच्या मध्यावरची चार घरे, डी४, ई४, डी५ आणि ई५, आपल्या ताब्यात यावीत. मध्यावर उभा असलेला मोहरा कोपऱ्यातल्या मोहऱ्यापेक्षा जास्त घरांवर नजर ठेवतो. घोड्याचेच पाहा. कोपऱ्यात तो फक्त दोन घरांवर जाऊ शकतो, मध्यावर मात्र आठ.

फरक एवढाच की ई४ चे प्यादे सुरुवातीला निराधार असते, तर डी४ च्या प्याद्यामागे वजीर जागेवर उभाच असतो. त्यामुळे ई४ ने सुरू झालेले डाव बहुधा लवकर उघडतात आणि पहिल्या दहा-पंधरा चालींतच हातघाईला येतात. डी४ चे डाव सावकाश वाढतात. मोहरे बराच काळ पटावर राहतात, तणाव साचत जातो आणि कोण कोणती प्यादी कधी मारतो यावर पुढचे सगळे ठरते.

डी४ ला काळा डी५ ने उत्तर देतो, आणि पांढरा दुसऱ्याच चालीत सी४ वर प्यादे ठेवतो. हा क्वीन्स गॅम्बिट. हल्लीच्या वाचकांना हे नाव २०२० सालच्या वेब मालिकेमुळे परिचयाचे आहे, पण ही सुरुवात पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांतही सापडते. सी४ वरच्या प्याद्याला पांढऱ्याच्या कोणत्याही प्याद्याचा आधार नाही. काळा ते सरळ मारू शकतो. पण मारून टिकवता येत नाही. काळ्याने सी४ मारले, पांढऱ्याने ई३ केले, आणि काळ्याने हट्टाने बी५ खेळून ते प्यादे जपायचे ठरवले, तर पांढरा ए४ ने त्या साखळीवर घाव घालतो. काळ्याने सी६ ने आधार दिला की पांढरा बी५ वर मारतो, काळा सी६ चे प्यादे बी५ वर आणतो, आणि पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येऊन उभा राहतो. आता ए८ च्या कोपऱ्यातला हत्ती थेट त्याच्या माऱ्यात असतो आणि मोहरा गमावल्याशिवाय सुटका नसते. म्हणून या सुरुवातीतले बलिदान खरे बलिदान नाही. पांढरा प्यादे देऊ करतो ते काळ्याचे डी५ वरचे प्यादे मध्यावरून बाजूला खेचण्यासाठी.

कोंडलेला उंट

आमिष नाकारायचे तर डी५ च्या प्याद्याला आधार हवा. त्याच्या दोन जुन्या वाटा आहेत. एक, सी६ वर प्यादे ठेवायचे. हा स्लाव्ह बचाव. दुसरी, ई६ वर ठेवायचे. हा क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे नाकारलेला गॅम्बिट. ई६ खेळल्याने मध्य भक्कम होतो, राजाच्या बाजूच्या उंटाला वाट मिळते आणि कॅसलिंग लवकर होते. पण किंमत मोजावी लागते. काळ्याचा दुसरा उंट सी८ वर असतो. तो पांढऱ्या घरांवरून चालतो, आणि त्याच्या वाटेत ई६ चे पांढरे घर अडवून आपलेच प्यादे उभे राहते. एकीकडे ई६, दुसरीकडे बी७, आणि मध्ये हा उंट जागच्या जागी.

या बचावाच्या साऱ्या अभ्यासात गेल्या सव्वाशे वर्षांत विचारला गेलेला सर्वांत मोठा प्रश्न हाच: या उंटाचे काय करायचे? टार्टाकोव्हर या खेळाडूच्या पद्धतीत काळा बी६ खेळून त्याला बी७ वर आणतो. कॅपाब्लांकाच्या पद्धतीत आधी मोहऱ्यांची अदलाबदल करून नंतर ई५ किंवा सी५ ने मध्य मोकळा करायचा. काही खेळाडू तर तो उंट बराच काळ कोंडलेला राहील हे मान्यच करतात आणि बाकीची मांडणी पक्की करून घेतात.

या बचावाची धास्ती आणि कंटाळा दोन्ही एकाच लढतीने वाढवले. १९२७ साली ब्युनोस आयरेस येथे होझे राउल कॅपाब्लांका आणि अलेक्झांडर अलेखिन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले. त्यांतले ३२ डाव नाकारलेल्या क्वीन्स गॅम्बिटचे होते आणि २५ डाव बरोबरीत सुटले. अलेखिन ६ डाव जिंकून जगज्जेता झाला, कॅपाब्लांकाला ३ विजय मिळाले. तेव्हापासून ही सुरुवात म्हणजे बरोबरीचा राजमार्ग, अशी समजूत घट्ट होत गेली.

ती समजूत अर्धवट आहे हे १९७२ साली रेक्याविकमध्ये दिसले होते. आयुष्यभर ई४ चा पुरस्कार केलेल्या बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या सहाव्या डावात सी४ ने सुरुवात केली आणि डाव नाकारलेल्या क्वीन्स गॅम्बिटमध्ये आणून ठेवला. स्पास्कीने आपला आवडता टार्टाकोव्हर बचाव घेतला आणि ४१ चालींत तो हरला. फिशरने लढतीत प्रथमच आघाडी घेतली होती. तो खेळ इतका निर्दोष होता की डाव संपल्यावर प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या.

लास्करची युक्ती

आनंदने सोफियात निवडलेला बचाव इमॅन्युएल लास्करच्या नावाने ओळखला जातो. लास्कर जर्मन, गणितज्ञ आणि तत्त्वचिंतक होता. १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षे तो जगज्जेता राहिला. एवढा दीर्घ काळ दुसऱ्या कोणालाही हे पद टिकवता आलेले नाही. १९०७ साली फ्रँक मार्शलविरुद्धच्या लढतीत त्याने घोडा ई४ वर नेऊन मोहऱ्यांची अदलाबदल करण्याची ही कल्पना वापरली.

कल्पना साधी आहे. ई६ खेळल्यावर काळ्याकडे जागा कमी उरते. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांची गर्दी झाली की कोणालाच हात-पाय पसरता येत नाहीत. चार पाहुणे गेले की त्याच खोल्या पुरेशा वाटू लागतात. ज्याच्याकडे जागा कमी त्याने मोहरे मारून मारवून कमी करावेत आणि ज्याच्याकडे जागा जास्त त्याने ते टाळावे, हा बुद्धिबळातला जुना नियम. लास्करच्या बचावात काळा सातव्या चालीत घोडा ई४ वर नेतो. पांढऱ्याचा एच४ वरचा उंट आणि काळ्याचा ई७ वरचा उंट एकमेकांसमोर असतात, त्यांची अदलाबदल होते. मग घोड्याने घोडा मारला जातो. डी आणि सी पट्टीतली प्यादीही एकमेकांना खातात. दहा-बारा चालींत गर्दी ओसरते. एक प्रश्न मात्र उरतोच: सी८ वरचा उंट.

सोफियाची वाट

या डावापर्यंत पोहोचायला आनंदला बराच त्रास सोसावा लागला होता. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली आणि विमाने जागीच थांबली. आनंद फ्रँकफर्टमध्ये अडकला. पत्नी अरुणा आणि साहाय्यकांसह त्याने ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया असा सुमारे चाळीस तासांचा प्रवास रस्त्याने करून सोफिया गाठले. लढत तीन दिवस पुढे ढकलण्याची त्याची विनंती होती. एक दिवस मिळाला. २४ एप्रिलला पहिला डाव झाला आणि तो टोपालोव्हने जिंकला. दुसऱ्या आणि चौथ्या डावात आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनी विजय मिळवले. आठवा डाव जिंकून टोपालोव्हने गुणांची बरोबरी साधली. बाकीचे सगळे डाव बरोबरीत सुटले होते.

या बारा डावांपैकी अकरावा डाव वगळता प्रत्येक डाव डी४ नेच सुरू झाला, हेही सांगायला हवे. दोघांनाही ठाऊक होते की लांब पल्ल्याच्या लढतीत वजिराच्या प्याद्याची सुरुवात भरवशाची असते. काळ्या मोहऱ्यांनी आनंदने आधी ग्रुनफेल्ड आणि स्लाव्ह हे बचाव वापरले होते. शेवटच्या डावासाठी त्याला असे काहीतरी हवे होते, ज्यावर टोपालोव्हच्या गटाने या लढतीसाठी फारसा वेळ घालवलेला नसेल. पीटर हाइने नील्सन, रुस्तम कासिमझानोव्ह, रादोस्लाव्ह वोयताशेक आणि सूर्यशेखर गांगुली हे त्याचे चार साहाय्यक होते. लास्करचा बचाव म्हणजे अनपेक्षित आणि तरीही पायाने भक्कम अशी निवड होती.

टोपालोव्हपुढे वेगळा पेच होता. डाव बरोबरीत सुटला असता तर दोन दिवसांनी जलद डावांनी विजेता ठरला असता, आणि जलद बुद्धिबळात आनंदचा हात धरणारे फार थोडे होते. टोपालोव्हला ती वेळ येऊ द्यायची नव्हती. शिवाय बरोबरीचा प्रस्ताव ठेवायचा नाही, डाव खेळूनच संपवायचा, हे त्याने आधीपासून ठरवले होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याला जिंकण्याचा प्रयत्न करणे भाग होते.

एकोणिसाव्या चालीपर्यंत

डाव असा गेला. डी४, डी५, सी४, ई६, मग दोन्ही बाजूंचे घोडे बाहेर, पांढऱ्याचा उंट जी५ वर, एच६ ने हुसकावल्यावर एच४ वर, काळ्याचे कॅसलिंग, आणि सातव्या चालीत काळा घोडा ई४ वर. लास्करचा बचाव पटावर आला. आठव्या चालीत उंट गेले, दहाव्या-अकराव्या चालीत घोडे गेले, बाराव्या चालीपर्यंत मध्यावरची प्यादी गेली. त्यानंतर आनंदने बी६ आणि सी५ खेळून जागा मोकळी करायला सुरुवात केली.

पंधराव्या चालीत टोपालोव्हने आपला उरलेला उंट ई४ वर आणला. हा उंटही पांढऱ्या घरांचा. तिथून तो थेट ए८ च्या हत्तीवर रोखला होता, म्हणून आनंदने हत्ती बी८ वर सरकवला. मग त्याचा घोडा एफ६ वर येऊन त्या उंटाला भिडला. टोपालोव्हने उंट मागे घेतला नाही. त्याने सी५ वरचे प्यादे मारले. आनंदच्या घोड्याने उंट मारला, टोपालोव्हच्या वजिराने घोडा मारला, आणि आनंदने बी पट्टीतल्या प्याद्याने सी५ वर परत मारले.

इथे थांबून पट नीट पाहावा, कारण डावाची दिशा इथे ठरली. दोघांकडे एक वजीर, दोन हत्ती आणि सहा-सहा प्यादी. टोपालोव्हकडे एक घोडा, आनंदकडे एक उंट. काळ्याची ए७ आणि सी५ ही दोन प्यादी एकेकटी पडली आहेत. त्यांना बाजूच्या प्याद्याचा आधार नाही. टोपालोव्हचा हिशेब हाच होता: सी५ च्या एकाकी प्याद्यावर मोहरे रोखायचे, ते हळूहळू खायचे, आणि डाव जिंकायचा. हा हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची दुसरी बाजू होती. पांढऱ्या घरांवर पहारा देणारा आपला उंट टोपालोव्हने देऊन टाकला होता. आता पटावर उंट एकच उरला, आणि तो सी८ वरचा. अठरा चाली तो जागचा हलला नव्हता.

एकोणिसाव्या चालीत तो बी७ वर आला. पांढऱ्याच्या एफ३ ने त्याचा कर्ण अडवताच तो ए६ वर गेला आणि एफ१ च्या हत्तीवर रोखला. हत्तीला हलावे लागले. मग तो डी३ वर जाऊन वजिराला भिडला. वजिराला सी१ वर माघार घ्यावी लागली. तिथून पुन्हा ए६. आता टोपालोव्हचा हत्ती ए३ वर येऊन त्याच्यावर रोखला, म्हणून उंट पुन्हा बी७ वर. पांढरा घोडा ए५ वर येऊन बी७ ला भिडला, तेव्हा अठ्ठाविसाव्या चालीत उंट ए८ च्या कोपऱ्यात गेला.

वरवर पाहता उंट पळतो आहे आणि पांढरा पाठलाग करतो आहे असे वाटते. पण या दहा चालींत काय काय बदलले ते मोजून पाहावे. पांढऱ्याच्या राजापुढची प्यादी एफ३ आणि जी३ वर आली आणि राजा जी२ वर उभा राहिला. सी५ च्या शिकारीसाठी टोपालोव्हचा एक हत्ती ए३ वर गेला, म्हणजे राजापासून पटाच्या दुसऱ्या टोकाला. घोडाही त्याच बाजूला. आणि ए८ पासून एच१ पर्यंतच्या लांब पांढऱ्या कर्णाच्या एका टोकाशी आनंदचा उंट बसला, त्याच कर्णावर दुसऱ्या टोकाजवळ पांढरा राजा. मध्ये फक्त एफ३ चे प्यादे.

दोन प्याद्यांची चूक

आनंदने ई५ खेळले. टोपालोव्हने ई४ खेळून कर्णावर आणखी एक अडसर घातला. आनंदने लगेच एफ५ ने त्यावर घाव घातला. इथे पांढऱ्याने ई४ चे प्यादे तसेच जपले असते, तर डाव तोलात राहिला असता. टोपालोव्हने एफ५ वर मारले. त्याबरोबर आनंदचे ई५ चे प्यादे ई४ वर सरकले. प्यादे देऊन वाट उघडायची, हा त्याचा डाव. बत्तिसाव्या चालीत टोपालोव्हने तेही प्यादे एफ३ च्या प्याद्याने मारले. हीच निर्णायक चूक. कर्णावरचा शेवटचा अडसर त्याने आपल्या हाताने काढून टाकला.

काळा वजीर ई४ वर मारत आला आणि राजाला शह बसला. मागे ए८ वर उंट, पुढे वजीर, दोघांच्या रोखात राजा. राजा जी१ वर परतला असता तर वजीर एच१ वर येऊन मात झाली असती, कारण वजिराला मागून उंटाचा आधार होता. म्हणून राजा एच३ वर चढला. काळा हत्ती डी४ वर आला. पांढऱ्याचा घोडा धावत ई३ वर परतला. आणि मग चौतिसाव्या चालीत आनंदने वजीर मागे, ई८ वर नेला.

ही चाल या डावातली सर्वांत सुंदर चाल आहे. हल्ला जोरात असताना वजीर मागे नेण्याचा विचार सहसा सुचत नाही. पण ई४ वरचा वजीर आपल्याच उंटाच्या कर्णात उभा होता. मागे गेल्याने कर्ण पुन्हा मोकळा झाला, आणि ई८ वरून वजिराला एच५ वर शह द्यायची वाट मिळाली. एका माघारीत दोन धमक्या. टोपालोव्हने ती वाट जी४ ने अडवली, आनंदने एच५ ने ती अडवण फोडायला घेतली. पांढरा राजा एच४ वर आला, पटाच्या मधल्या रांगेत. काळ्याच्या जी५ ने पुन्हा शह, आणि त्यापुढे राजाला कुठेच आसरा उरला नाही.

टोपालोव्ह शेवटपर्यंत झुंजला. त्याने हत्तीने आणि घोड्याने शह दिले, वजीर बचावाला आणला. पण पंचेचाळिसाव्या चालीत काळा हत्ती जी२ वर जाऊन बसला. पांढऱ्याला वजिराने तो मारावा लागला, आणि शेहेचाळिसाव्या चालीत ए८ वरचा उंट सहा घरे ओलांडून जी२ वर आला व त्याने तो वजीर टिपला. अठरा चाली तो कोपऱ्यात निश्चल बसला होता, पण जी२ कडे जाणारा कर्ण त्याने सोडला नव्हता. पुढच्याच चालीत राजाने त्याला मारले. तोवर त्याचे काम झाले होते. उरलेल्या खेळात आनंदकडे वजीर, टोपालोव्हकडे हत्ती आणि घोडा. छप्पन्नाव्या चालीनंतर टोपालोव्हने हार मानली. साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी आनंद जगज्जेता राहिला. त्या वेळी तो ४० वर्षांचा होता.

तोच उंट, चौदा वर्षांनी

सोफियानंतर चौदा वर्षांनी सिंगापूरमध्ये आणखी एक भारतीय खेळाडू जगज्जेतेपदासाठी खेळत होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये डी. गुकेशने डिंग लिरेनविरुद्धच्या तिसऱ्या डावात डी४ खेळले आणि पुन्हा नाकारलेला क्वीन्स गॅम्बिट पटावर आला. या वेळी गुकेशने चौथ्या चालीतच डी५ वर प्यादी मारून घेतली. त्यामुळे ई६ चे प्यादे डी५ वर गेले आणि सी८ च्या उंटाची वाट फारच लवकर उघडली. डिंगचा उंट एफ५ वरून थेट पांढऱ्याच्या बाजूला, सी२ पर्यंत घुसला, तिथेच अडकला आणि मारला गेला. सदतिसाव्या चालीशी डिंगची वेळ संपली. गुकेशचा त्या लढतीतला हा पहिला विजय. पुढे तो १८ व्या वर्षी जगज्जेता झाला.

दोन डाव शेजारी ठेवले की मोठा धडा मिळतो. सोफियात उंट कोंडला गेला, अठरा चाली थांबला आणि योग्य वेळी योग्य कर्णावर जाऊन बसला. सिंगापुरात त्याला सुरुवातीलाच मोकळी वाट मिळाली, पण तो परतीचा रस्ता न पाहता पुढे गेला. मोहरा चांगला की वाईट हे तो आज किती मोकळा आहे यावरून ठरत नाही. पटावर पुढे कोणती प्यादी उरणार, कोणते कर्ण उघडणार, समोरच्याचा कोणता पहारेकरी नाहीसा होणार, यावरून ते ठरते. वजिराच्या प्याद्याच्या अभिजात सुरुवाती हाच दूरचा हिशेब करायला शिकवतात.

म्हणून या सुरुवातींना संथ किंवा कंटाळवाण्या म्हणणे मला मान्य नाही. १९२७ च्या पंचवीस बरोबऱ्यांतही प्रत्येक अदलाबदल कोणाच्या फायद्याची, हा वाद चालूच होता. शिकाऊ मुलांना आपण अनेकदा ई४ चे भडक सापळे आधी शिकवतो, कारण त्यांत लवकर मात होते. त्याबरोबर डी४ ही शिकवावे. एक मोहरा मारण्यापूर्वी त्याच्या जाण्याने कोणती घरे उघडी पडतील, हा प्रश्न विचारायची सवय डी४ चे डाव खेळताना जितकी लागते तितकी क्वचितच दुसरीकडे लागते. टोपालोव्हसारख्या खंद्या खेळाडूनेही पंधराव्या चालीत ई४ वर आणलेला उंट गमावताना पांढऱ्या घरांची किंमत पुरती मोजली नाही, आणि त्याची भरपाई त्याला बत्तिसाव्या चालीनंतर करावी लागली.

हा डाव मोबाइलवर पाहू नये, पट मांडून खेळावा. अठराव्या चालीवर थांबा, दोन्हीकडचे मोहरे मोजा आणि पुढे कोण जिंकेल ते स्वतः ठरवा. मग बत्तिसाव्या चालीवर थांबा आणि ई४ चे प्यादे न मारता पांढऱ्याला काय खेळता आले असते ते शोधा. घरात शिकणारे मूल असेल तर त्यालाही शेजारी बसवा आणि फक्त सी८ वरच्या उंटाकडे लक्ष ठेवायला सांगा. बुद्धिबळातली दूरदृष्टी समजावून द्यायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.